अनंताच्या दोन जन्मतारखा

॥ श्री ॥

अंधेरी,
ता. १४ एप्रिल १९५७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अनंत परवा सुखरूप पोचला. रत्नाच्या टायफॉइडच्या वेळी सहा महिन्यांसाठी म्हणून तू त्याला घाटकोपरला नेलंस, तो दोन वर्षं राहून आला, आणि आता आमच्या घरात एक लहानसा मास्तर आला आहे. पानावर बसताना आधी हात पुढे करून दाखवतो, धुतलेत म्हणून. धाकट्या सुनंदाने पाटीवर काही रेघोट्या मारल्या की तिला काना-मात्रा दुरुस्त करून देतो. रत्ना हसून हसून बेजार होते. तिची तब्येत आता चांगली आहे.

आता कामाचं लिहितो. त्याला पुन्हा तुझ्या शाळेत पाठवायचं नाही असं मी ठरवलं आहे. इथे स्टेशनपासून दहा मिनिटांवर एक खाजगी इंग्रजी शाळा आहे. रोझमेरी मिस म्हणून एक हेडमिस्ट्रेस ती चालवतात. महिना बारा रुपये फी, वर इमारत फंड, कपडे, बूट. ऐकून तुझ्या कपाळाला आठ्या पडतील हे मला ठाऊक आहे. पण ताई, आमच्या ऑफिसात गेल्या महिन्यात हेडक्लार्कची जागा भरली. माझ्या मागून सहा वर्षांनी लागलेल्या माणसाला ती मिळाली. हिशेबात तो माझ्याकडे विचारायला येतो. पण साहेबासमोर त्याची जीभ फाडफाड चालते. मी उभा राहिलो की वाक्य आधी मराठीत तयार होतं, मग त्याला इंग्रजी कपडे घालतो, तोवर साहेब दुसऱ्याशी बोलायला लागलेला असतो. चौदा वर्षं मी हे सोसतो आहे. माझ्या मुलाने ते सोसू नये एवढंच मला वाटतं.

तुझ्याकडे दोन गोष्टी मागायच्या आहेत. एक म्हणजे दिवाळीचा बोनस येईपर्यंत महिना दहा रुपये पाठवलेस तर ओढाताण होणार नाही. दुसरं काम लहानसं आहे. इंग्रजी येत नसलेल्या मुलाला तिथे पहिलीतच बसवतात आणि पहिलीला सात वर्षांपेक्षा मोठं मूल घेत नाहीत. अनंताला सप्टेंबरात नऊ पुरी होतील. तुमच्या शाळेचं जनरल रजिस्टर तूच लिहितेस. त्यात १९४८ च्या जागी १९५० करून, इयत्ताही पहिली दाखवून, तसा दाखला पाठवून दे. महिना आणि तारीख आहे तीच राहू दे. दोन आकड्यांचं काम आहे, कोणाचं नुकसान नाही.

मुलांचे तुला नमस्कार. नेहमीसारखी माया ठेव आणि उत्तर लवकर धाड.

तुझा,
दत्ताराम

घाटकोपर,
ता. १८ एप्रिल १९५७

चि. दत्तारामास,
अ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिला. पुढचं मात्र विचार करून लिहिते आहे.

तुझं पत्र मी शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. दत्ता, तू कोणाला काय लिहितो आहेस याचं भान आहे का तुला? वीस वर्षं मी मुनसिपालटीच्या शाळेत शिकवते आहे. त्या शाळेतून मुलगा काढायचा म्हणून तू माझ्याकडेच पैसे मागतोस, आणि वर मलाच रजिस्टरात खोटं लिहायला सांगतोस! माझ्या पगारातून माझ्याच नाकाला चुना लावून घ्यायचा, असं तुझं म्हणणं दिसतं.

अनंताचं नाव त्या रजिस्टरात मी माझ्या हाताने लिहिलं आहे. रत्नाने सांगितलेली जन्मतारीख, बारा सप्टेंबर अठ्ठेचाळीस, तीही माझ्याच अक्षरात आहे. ती बदलणार नाही. या महिन्यात सरकारने आणे काढून नवे पैसे आणले, तशी तू मुलाची जुनी वर्षं देऊन नवी घ्यायला निघालास. तिसरी पास झालेला मुलगा आहे तो. वर्गात दुसरा आला. तीन अंकी भागाकार करतो, वर्तमानपत्र वाचून दाखवतो. त्याला तू पुन्हा ए फॉर अॅपल म्हणायला पहिलीत बसवणार, आपल्यापेक्षा हातभर लहान मुलांत. त्या पोराने केलेला अभ्यास कुठे टाकायचा, तेही एकदा सांग.

आमच्या शाळेला फी नाही म्हणून तिला किंमत नाही असं तुम्हा ऑफिसातल्या लोकांना वाटतं. इथे वखारीतल्या हमालाचा मुलगा आणि पोस्टमास्तरांचा मुलगा एका बाकावर बसतात, आणि दोघांच्याही चुका मी सारख्याच काढते. माझ्या शाळेत काही कमी नाही. कमी असेल तर ते तुझ्या मनात आहे. तुला बढती मिळाली नाही याचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण त्याचा सूड तू आठ वर्षांच्या मुलावर उगवू नकोस.

पैसे पाठवणार नाही. दाखला हवा असेल तर खरा मिळेल, तिसरी पासचा. रत्नाला आणि मुलांना आशीर्वाद. माया आहे म्हणूनच एवढी शाई खर्च केली, हे लक्षात असू दे.

तुझी ताई,
अनुपमा

अंधेरी,
ता. २६ एप्रिल १९५७

ती. वन्सं यांस,
रत्नप्रभेचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र इकडे आलं आणि दोन दिवस यांनी घर डोक्यावर घेतलं. मी मधे पडले नाही. मला विचारलंही नव्हतं म्हणा. शाळा कुठली, फी किती, हे मला कळलं ते तुमच्या पत्रावरून चाललेल्या आदळआपटीतून. मी मराठी चौथी शिकलेली, माझं मत घेऊन करायचं काय, असा हिशेब असेल.

तुम्हाला सांगितलेलं बरं म्हणून लिहिते. तुमचा दाखला येत नाही असं दिसल्यावर ते रजा टाकून कोर्टात गेले आणि अॅफिडेव्हिट करून आले. त्यात असं लिहून दिलं आहे की अनंताचा जन्म सन पन्नासचा, आणि त्याला आजवर कुठल्याही शाळेत घातलेलं नाही. वन्सं, मला ते वाचून दाखवलं. दोन वर्षं तुम्ही त्याला आंघोळ घालून, डबा भरून, हाताला धरून शाळेत नेलंत. ते सगळं स्टॅम्पाच्या एका कागदावर झालंच नाही असं ठरलं. मी तोंडावर बोलून दाखवलं. त्यावर मला व्यवहार कळत नाही असं ऐकून घ्यावं लागलं.

अनंताला आता रोज संध्याकाळी आयरीनबाई इंग्रजी शिकवतात. आम्ही राहतो ते घर त्यांच्याच वडिलांचं, गावठाणातलं. त्या जुहूच्या एका हॉटेलात टायपिंग करतात. बोलायला अगदी आपल्यासारख्या, पैसे नको म्हणाल्या. पण शाळेत वय विचारलं तर साडेसहा सांगायचं आणि मराठी वाचता येत नाही म्हणायचं, हे शिकवायला त्यांनी साफ नकार दिला. असलं शिकवलं तर रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांपुढे कबूल करावं लागेल, आणि तुमच्या मुलापायी मी गुडघे टेकून बसणार नाही, असं त्यांनी यांना तोंडावर सुनावलं. ते शिकवणं मग यांनी स्वतःकडे घेतलं. काल अनंत माझ्याजवळ येऊन विचारत होता, की आता तो साडेसहाचा झाला तर त्याची तिसरी गेली का, आणि आत्याने पेपरावर दिलेले मार्क परत द्यावे लागतील का. मी त्याला गूळ-खोबरं दिलं आणि खेळायला पाठवलं.

शाळेचा फॉर्म भरून झाला. वरचा भाग यांनी भरला. खाली घरातल्या इतर मुलांची माहिती हवी होती, ती भरायला आयरीनबाई दुपारी आल्या. मी पंचांगाच्या मागच्या पानावर दोन्ही बाळंतपणांचा दिवस आणि वेळ लिहून ठेवलेली आहे. त्यातलं बघून सुनंदाची तारीख सांगितली, तीन जानेवारी एक्कावन्न. लिफाफा यांनी स्वतः नेऊन दिला.

तुम्ही रागावून आमच्याकडे येणं सोडू नका. आमसुलं करून ठेवली आहेत. माझ्यावर राग नसेल तर दोन ओळी मला वेगळ्या लिहा.

तुमची,
रत्नप्रभा

अंधेरी,
ता. ११ मे १९५७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या मनासारखं झालं. आता पेढे वाट.

काल त्या शाळेत मुलाखत होती. मी कोट घालून गेलो, रत्ना आणि दोन्ही मुलं बरोबर. मुलांना बाहेर बाकावर बसवून आम्हा दोघांना आत बोलावलं. माझी वाक्यं तीन दिवस पाठ केलेली होती, आणि तुला खोटं वाटेल, पण बरी चालली होती. रोझमेरी मिस ऐकत होत्या, मान हलवत होत्या. मग त्यांनी फॉर्म उलटला, एक बोट अनंताच्या तारखेवर ठेवलं, दुसरं सुनंदाच्या तारखेवर ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता रत्नाकडे बघितलं. बारा सप्टेंबर पन्नास आणि तीन जानेवारी एक्कावन्न. पावणेचार महिन्यांत दुसरं मूल! आणि त्यांनी विचारलं ते चक्क मराठीत, तुझ्या-माझ्यासारख्या स्वच्छ मराठीत, की बाई, हे तुम्ही कसं जमवलंत? त्या वाकोल्याच्या आहेत म्हणे. इतका वेळ मी इंग्रजीत घाम गाळत बसलो होतो.

रत्ना खाली बघत होती. मी काय बोललो ते मला आठवत नाही. अॅफिडेव्हिट त्यांनी घडी घालून माझ्या हातात परत दिलं आणि हा कागद आपण पाहिलाच नाही असं सांगितलं. उपकारच म्हणायचे. चौदा वर्षं साहेबासमोर खाली घातलेली मान मला काल बायकोसमोर खाली घालावी लागली. पंचांग बघून तारीख सांगितली म्हणते! इतकं साधं कळू नये? की कळत होतं? तुम्हा दोघींची पत्रापत्री चालते हे मला माहीत आहे. दोघींनी मिळून माझ्या मुलाचं कायमचं नुकसान केलंत, हे मी विसरणार नाही.

यापुढची गंमत ऐक. निघताना मिसनी बाहेर सुनंदाला बघितलं. ती बाकावर पाय हलवत बसली होती. तिने काही दिवे लावले नाहीत, नाव विचारलं तर फ्रॉकचं टोक तोंडात घातलं. पण वय बरोबर बसतं म्हणाल्या. हिला पहिलीत घेते, पाच जूनपर्यंत जागा ठेवते, कुठल्याही कागदाची गरज नाही. मी विचार करून सांगतो म्हणून निघालो. त्यात विचार काय करायचा? मुलीच्या जातीला महिना बारा रुपये मोजून इंग्रजी शिकवायचं आणि दहा वर्षांनी दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटायला पाठवायचं, एवढा पैसा माझ्याकडे उतू जात नाही.

शिवाय तू स्वतःच लिहिलं आहेस की तुमच्या शाळेत काही कमी नाही. तुझं पत्र जपून ठेवलं आहे. तेव्हा सुनंदा इथल्या मुनसिपालटीच्या शाळेत जाईल. मुलीला मराठी शाळा चांगली. तुझंच म्हणणं मी मानलं, आता तरी खूष हो.

दत्ताराम

घाटकोपर,
ता. १६ मे १९५७

दत्ताराम,

नमस्कार-आशीर्वाद आज राहू दे. हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली, कारण त्यांत शिव्या होत्या आणि मी शिक्षिका आहे.

पावणेचार महिन्यांचं वाचून मी एकटीच मोठ्याने हसले, शेजारीण बघायला आली. पण तुझ्या पत्राच्या शेवटाला आले आणि हसू मावळलं. मुलीला मराठी शाळा चांगली. हे वाक्य तू माझ्या पत्रातून घेतलंस असं तुला वाटतं. मी ते तसं लिहिलेलं नाही, पुन्हा काढून बघ. हे वाक्य आपल्या बाबांचं आहे.

तू तेव्हा सहा वर्षांचा होतास. मी मराठी चौथीत पहिली आले होते. आमचे मास्तर लालबागला आपल्या खोलीवर आले आणि बाबांना सांगत बसले की मुलगी हुशार आहे, हिला हायस्कुलात घाला, अर्धी फी माफ करून घेऊ. बाबा मिलमधून नुकते आले होते. त्यांनी मास्तरांना चहा दिला, मान दिला, आणि हे वाक्य सांगितलं. बाबा वाईट नव्हते. त्यांना एकच फी झेपणार होती आणि ती त्यांनी तुझ्यासाठी राखून ठेवली, तू अजून बिगरीत होतास तरी. मी मराठी सातवी केली, व्हर्नाक्युलर फायनल दिली, अठराव्या वर्षी नोकरीला लागले. तुझ्या हायस्कुलातली शेवटची तीन वर्षं बाबांना मिलमध्ये काम नव्हतं. मग तुझी फी कोणी भरली, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. केलेलं बोलून दाखवू नये अशी माझी समजूत होती. आज दाखवते. त्या वर्षांत माझ्या लग्नाची दोन बोलणी आली आणि मागे गेली. तेही आजच सांगते आणि पुन्हा काढणार नाही.

तुझ्या साहेबासमोर तुला तोडकं का होईना, इंग्रजी बोलता येतं. मला शिक्षण खात्याचं इंग्रजीतलं परिपत्रक आलं तर आजही हेडमास्तरांकडे जाऊन, चष्मा विसरले असं सांगून, वाचून घ्यावं लागतं. अडतीस वर्षांची झाले मी. तुझं सोसणं तू दोन पानं भरून लिहिलंस. माझं या एका ओळीत संपलं.

आता हिशेब बघ. शाळा तीच. फी तीच बारा रुपये. इमारत फंड तोच. एप्रिलमध्ये ही शाळा इतकी मोलाची होती की तिच्यासाठी तू कोर्टात उभा राहून खोटी शपथ घेतलीस, माझी दोन वर्षं पुसून टाकलीस, आठ वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही म्हणून सांगायला शिकवलंस. मे महिन्यात तीच शाळा महाग झाली. मधे बदललं काय? फक्त मूल बदललं. अनंतासाठी ती गरज होती, सुनंदासाठी ती चैन झाली. तुला हे लिहिताना लाज कशी वाटली नाही, दत्ता? तुला त्या मिसनी कागद परत दिला तेव्हा मान खाली गेली म्हणतोस. ती आत्ता जायला हवी.

माझ्या शब्दांत मला पकडलंस, हे खरं. माझ्या शाळेत काही कमी नाही असं लिहिलं होतं. त्याचं काय करायचं ते माझं मी बघेन. तुला त्या वाक्याआड लपू देणार नाही.

सुनंदा त्या शाळेत जाईल. तू मागितले होतेस ते दहा रुपये पहिल्या तारखेला रत्नाच्या नावावर मनीऑर्डरने येतील. अनंताला आठ जूनच्या आत इकडे पाठव, चौथीत बसेल, त्याच्या खऱ्या वयाने.

जन्मभर तुझ्यावर माया केली. या महिन्यात ती कमी पडते आहे, सांभाळून घे.

अनुपमा

अंधेरी,
ता. १७ जून १९५७

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

मनीऑर्डर परत आली म्हणून तुम्ही कासावीस झाला असाल. ती यांनी परत केली असं मनात आणू नका. पोस्टमन आला तेव्हा हे ऑफिसात होते. घेणार नाही असं मी सांगितलं आणि सही दिली नाही. आधी राग ओढवून घेते, मग कारण सांगते.

तुमचं मे महिन्यातलं पत्र यांनी वाचून उशीखाली ठेवलं. मग मी वाचलं. वन्सं, लग्न होऊन दहा वर्षं झाली, यातलं काही मला माहीत नव्हतं. यांना तरी फीचं माहीत होतं का, देव जाणे. त्या दिवशी हे जेवले नाहीत. पण शाळेचं नावही काढलं नाही. पाच जून जवळ येत चालली. मी दोनदा विषय काढला, दोनदा हे उठून बाहेर गेले.

चार तारखेला मी आयरीनबाईंना रजा काढायला लावली आणि सुनंदाला घेऊन शाळेत गेले. देव्हाऱ्याखालच्या डब्यात अनंताच्या इमारत फंडाचे पैसे ठेवलेले होते, ते पदराला बांधून नेले. मिसना मी विचारलं, की सही बापाचीच लागते का? आईचीही चालते म्हणाल्या. रेशनकार्डावर सुद्धा आजवर माझी सही नाही. मी मराठीत केली, मोठी, रेघेच्या बाहेर गेली. पैसे भरले, पावती घेतली आणि घरी येऊन ती यांच्या टोपीत ठेवली, सकाळी ऑफिसला जाताना हाताला लागेल अशी.

हे पुष्कळ बोलले. मी चोरी केली इथपर्यंत बोलले. एरवी मी रडले असते. त्या दिवशी मला इतका राग होता की रडू आलंच नाही. मी सांगितलं, की हे पैसे मुलाच्या शाळेसाठी बाजूला काढले होते आणि मुलाच्याच शाळेत गेले, सुनंदा मूल नाही का? आणि ज्या पगारातून अनंताचे बारा रुपये निघणार होते त्याच पगारातून हिचे निघतील. वन्संच्या पगारातून एक पैसा येणार नाही. या घरातल्या एका माणसाची फी त्यांनी भरली, तेवढी पुरे झाली. म्हणून तुमची मनीऑर्डर परत केली, वन्सं. आता रागवा हवं तर.

त्यांनी मला विचारलं, की फॉर्मवर तारीख मुद्दाम सांगितलीस ना? नव्हती हो मुद्दाम. सुनंदाचा जन्म विचारला, मी सुनंदाचा जन्म सांगितला. अनंताचा मला विचारला असता तर त्याचाही खराच सांगितला असता. पण आता मागे बघून वाटतं, चूक झाली नसती तर मी मुद्दाम काही करण्याइतकी धीट झालेच नसते.

चार दिवस यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. पाचव्या दिवशी ऑफिसातून येताना यांच्या हातात खोका, त्यात काळे बूट आणि पांढरे मोजे, सुनंदाचे. दोन बोटं मोठे. मी म्हटलं, मोठे झाले. तर भिंतीकडे बघून म्हणाले, की पुढच्या वर्षी पण हेच घालायचे आहेत तिला. तेवढंच बोलले. आता बुटांत कापूस घालून जाते. रडत गेली, रडत आली. दोन दिवसांत थांबली.

अनंत तुमच्याकडे नीट पोचला, खुशालीचं कार्ड मिळालं. हे तुम्हाला पत्र लिहिणार नाहीत एवढ्यात. मनातून खूप लागलं आहे. तुम्ही मात्र मला लिहा, आणि आमच्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची,
रत्नप्रभा

घाटकोपर,
ता. ३० जून १९५७

चि. सौ. रत्नप्रभेस,
अ. आ.

रागावले होते. मनीऑर्डर परत आली तेव्हा दत्तावर आणि तुझं पत्र आलं तेव्हा तुझ्यावर. माझ्या पैशाला नाही म्हणणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं. दोन दिवसांनी तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि ते दहा रुपये घेऊन बाजारात जाऊन मी स्वतःसाठी एक साडी आणली. निळी. गरज नव्हती. तुझ्यामुळे आणली.

दत्ता लिहीत नाही तर न लिहू दे. बूट आणले, त्यात मला त्याचं पत्र पोचलं. पण त्याला हे सांगू नकोस, अजून महिनाभर तरी मी त्याच्यावर रागावलेली आहे.

यंदा मला चौथीचा वर्ग दिला आहे. अनंत दुसऱ्या बाकावर. छप्पन्न मुलं, अठरा बाक. बाकीची जमिनीवर, तीही आळीपाळीने. फळा एकच, मधल्या सुट्टीनंतर तो पाचवीच्या वर्गात जातो आणि मी तोंडी शिकवते. एप्रिलच्या पत्रात मी दत्ताला यातलं काही लिहिलं नव्हतं. माझ्या शाळेत काही कमी नाही असं लिहिलं. आता राग येतो तो कोणावर काढू, सांग. दत्तावर काढून झाला. या छप्पन्न मुलांच्या आया तुझ्यासारखं पैसे पदराला बांधून कुठे जाणार? त्यांना माझीच शाळा आहे. आणि मी, त्यांची बाई, माझ्या भाचीसाठी दुसरी शाळा मिळावी म्हणून भावाशी भांडले. भांडले ते बरोबरच होतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा भांडेन. पण रोज सकाळी हजेरी घेताना एकेक नाव वाचते आणि प्रत्येक पोर मान वर करून 'हजर बाई' म्हणतं, तेव्हा मला त्यांच्याकडे नीट बघवत नाही.

हेडमास्तरांना फळ्यासाठी अर्ज दिला आहे. गेल्या सहा वर्षांतला हा चौथा अर्ज. या वेळी खाली सगळ्या शिक्षकांच्या सह्या घेतल्या, आणि उत्तर आलं नाही तर मी स्वतः वॉर्ड ऑफिसात जाऊन बसणार आहे.

परवा गणिताच्या तासाला अनंताने हात वर केला. मला वाटलं भागाकार अडला. तो उभा राहिला आणि सगळ्या वर्गासमोर विचारू लागला, की आत्या, सुनंदाची शाळा चांगली की आपली? शाळेत आत्या म्हणायचं नाही हेही विसरला. छप्पन्न तोंडं माझ्याकडे बघत होती. वीस वर्षांत वर्गात मी कधी खोटं सांगितलेलं नाही.

मी त्याला तेराचा पाढा म्हणायला लावला. मग सगळ्या वर्गालाच लावला, तास संपेपर्यंत.

सुनंदाला माझा पापा. लोभ आहेच, तो आता तू मागायचा नाहीस.

तुझी वन्सं,
अनुपमा